आत्याने पाहिलेला बॅले

माझ्या आत्यानं आयुष्यात एकच इंग्रजी सिनेमा पाहिला, आणि तोही इतका कंटाळवाणा निघाला की अर्धं थेटर मध्यंतरातच उठून गेलं. त्या कंटाळ्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तेव्हा आम्ही नागपूरजवळ कोराडीला राहायचो. बाबा पॉवर हाउसमध्ये बॉयलरवर होते, पाळीप्रमाणे कामाला जायचे. कॉलनी नवीन होती. दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांवर राखेची बारीक भुकटी बसायची आणि आई ती झटकता झटकता पॉवर हाउसच्या साहेबापासून वाऱ्यापर्यंत सगळ्यांना नावं ठेवायची. घरात आम्ही चौघं होतो, आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, आत्याचा नवराही लग्नानंतर फार जगला नाही. मग तिनं नागपूरला येऊन गिरणीत सूत गुंडाळायचं काम धरलं आणि त्यावर बाबांना शिकवलं. धम्मदीक्षेच्या सोहळ्याला ती बाबांचं मनगट घट्ट धरून त्या अफाट गर्दीत उभी होती, हे बाबा पुन्हा पुन्हा सांगायचे. मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते म्हणे. बाबा तिला 'बाई' म्हणायचे आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असायचा.

मी नागपुरात बर्डीवरच्या कॉलेजात बी.ए. करत होते आणि कॉलेज सुटल्यावर आठवड्यातून दोनदा धंतोलीला नाच शिकायला जायचे. शिकवणाऱ्या बाई बंगाली होत्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. त्या तरुणपणी कलकत्त्याला नाचलेल्या, आता गुडघे दुखत म्हणून खुर्चीवर बसून हाताच्या खुणांनी शिकवायच्या. माझ्या नाचण्याला घरी कोणाची हरकत नव्हती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरी नाचतात तसंच हे, असं आत्या समजून होती.

हरकत आली ती मुंबईच्या बॅले कंपनीमुळे.

बॅले म्हणजे तेव्हा आमच्याकडे काही फक्त परदेशी नाच नव्हे. आपल्याकडच्या गोष्टी एक शब्द न बोलता, नाचून सांगणाऱ्या ज्या मंडळ्या गावोगाव फिरायच्या, त्यांनाही बॅलेच म्हणत. तशी एक मंडळी हिवाळ्यात नागपूरला आली. तिच्या मुख्य बाई माझ्या शिक्षिकेच्या जुन्या मैत्रीण. त्या धंतोलीला जेवायला आल्या, त्यांनी मला नाचताना पाहिलं आणि जाताना माझ्या बाईंना सांगून गेल्या की, ही मुलगी परीक्षा झाल्यावर आमच्याकडे पाठवा. आधी वर्षभर शिकेल, मग मंडळीबरोबर फिरेल.

मी कोराडीच्या बसमध्ये बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते. घरी जाऊन एका दमात सगळं सांगितलं. बाबा खूश झाले, आई आत्याकडे पाहायला लागली आणि आत्या जेवता जेवता थांबली.

"आपल्या घरची पोरगी लोकाईसमोर नाचनार नाई," ती म्हणाली.

"काहून नाई, आत्या? कॉलेजात नाचतेच न मी."

"कॉलेजातलं येगळं. गावोगाव फिरून नाचनं येगळं. मले काई समजावून सांगू नको."

बाबांनी तोंड उघडलं तशी ती त्यांच्याकडे वळली. "अन् तू बी नको सांगू गा. तुले सारं मालूम आहे."

बाबांना काय माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. पण त्यांचा चेहरा पडला आणि त्यांनी पुढचा घास घेतला. त्यानंतर महिनाभर घरात त्या विषयाचा कोणी उच्चार केला नाही. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायचे आणि एक पान दोन-दोन तास तसंच असायचं. आई माझ्या ताटात जास्तीची पोळी टाकायची. समजूत घालायची तिची रीत तेवढीच होती.

तेवढ्यात सदरमधल्या एका थेटरात तो सिनेमा लागला. रविवारचा मॉर्निंग शो. बाबा पेपरातल्या सिनेमाच्या जाहिराती मोठ्यानं वाचत, ही त्यांची सुटीच्या दिवसाची करमणूक होती. त्यांनी वाचलं की विलायतेतल्या एका बॅले कंपनीच्या आतल्या जीवनाचं चित्रण आहे, आणि ते वाचता वाचता थांबले. पुढे लिहिलं होतं, "पडद्यामागचं धगधगतं सत्य! फक्त प्रौढांसाठी!"

मला वाटलं, संपलं. आता सगळंच संपलं.

पण आत्यानं पीठ मळता मळता विचारलं, "काय आहे म्हनते ते? कंपनीच्या अंदरचं दाखवते का?"

"हो बाई. पन इंग्रजी आहे."

"मंग असू दे न इंग्रजी. डोळे तं आपलेच आहेत. तिथं पोरीईचं काय होते ते एकदा पाहून घेऊ. मंग हिच्याबी मनातून जाईन."

म्हणजे आत्या माझी हौस फेडायला नाही, माझी खोड मोडायला सिनेमाला निघाली होती. मला ते कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. कॉलेजातल्या मैत्रिणीला विचारलं तर तिनं डोळे मोठे केले. "तो सिनेमा? माय वं! घरच्याईसोबत जाऊन राहिली तू? त्यात म्हनते अर्धा वेळ पोरी कपडेच बदलत असतात." तिनं स्वतः तो पाहिला नव्हता, तिच्या भावाच्या मित्रानं पाहिला होता. रविवारपर्यंत तो उतरावा अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते. एरवी इंग्रजी सिनेमे चार दिवसांत उतरायचे. हा उतरला नाही.

रविवारी सकाळच्या बसनं आम्ही चौघं निघालो. बाबा रात्रपाळी करून आलेले, नुसती आंघोळ करून तसेच निघाले होते. आत्यानं ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. ती आम्ही वर्षातून एकदा दीक्षाभूमीवर जायचो तेव्हाच निघायची. थेटरासमोर पोस्टर होतं. एक बाई वाकून बुटाची फीत बांधते आहे, आणि तिचा एक पाय घोट्यापासून वरपर्यंत उघडा. रंगवणाऱ्यानं तो पाय फार मन लावून रंगवला होता. खाली कॉलेजची पोरं घोळक्यानं उभी, सायकलींवर रेलून. पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बाईला पाहून त्यांनी वाट दिली आणि पाठीमागे हसली. बाबांनी पोस्टरकडे पाहिलंच नाही. आईनं पाहिलं आणि पदर सावरला, जणू तिचाच पाय उघडा होता.

आत दिवे गेले आणि मी डोळे मिटून घेतले.

पडद्यावर पहिल्यांदा दिसली ती भिंत. मग भिंतीला लावलेला लाकडी दांडा आणि तो धरून ओळीनं उभ्या असलेल्या मुली. त्यांनी एक पाय वर उचलला. मागून शिट्ट्यांचा पाऊस पडला. मुलींनी पाय खाली घेतला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. शिट्ट्या हळूहळू विरळ झाल्या. एक टकला मास्तर काठी आपटत फिरत होता आणि मुली पाय वर-खाली करत होत्या. हे इतका वेळ चाललं की मी डोळे उघडून नीट पाहायला लागले.

"काय म्हनून राहिला तो टकला?" आत्यानं विचारलं.

"पुन्हा करा म्हणतो."

थोड्या वेळानं, "आता काय म्हनते?"

"आताही पुन्हा करा म्हणतो."

"अन् ती पोरगी?"

"पाय दुखतो म्हणते."

"दुखनारच," आत्या म्हणाली.

त्या सिनेमाला गोष्ट अशी नव्हतीच. एक मुलगी नवीन आली होती, तिचं पुढे काहीतरी होणार असं वाटायचं, पण व्हायचं काहीच नाही. मुली बोटांना पट्ट्या बांधायच्या. बुटांना सुईदोऱ्यानं फिती शिवायच्या. एकीला सर्दी झाली. दोघी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून भांडल्या. कपडे बदलले खरे, पण ते एक जाडी बाई हातात टाचण्या धरून त्यांच्या मापाचं काहीबाही करत असताना, आणि सगळ्या कुडकुडत होत्या. एकदा मास्तर एका मुलीच्या अगदी जवळ आला. मागची पोरं सावरून बसली. मास्तरनं तिची हनुवटी धरून वर केली, मान सरळ केली आणि निघून गेला. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, पैसे वापस कर!" सगळं थेटर हसलं.

आईची काळजी निराळीच होती. "ह्या पोरी जेवत काहून नाई वं? मघापासून ती लंबी पोरगी एकच सफरचंद खाऊन राहिली."

"वजन वाढतं म्हणून."

"आगी लागो त्या वजनाले," आई म्हणाली.

बाबा कधीच झोपले होते. त्यांची मान एकदा माझ्या खांद्यावर, एकदा शेजारच्या माणसाच्या खांद्यावर जात होती. मध्यंतरात तो शेजारी गेला तो परत आलाच नाही, आणि निम्मं थेटरही परत आलं नाही. आत्यानं समोरची खुर्ची रिकामी पाहून चप्पल काढली आणि पाय वर घेऊन बसली. आलूबोंडा तिनं हातात तसाच धरून ठेवला. ती इतकी लक्ष देऊन पाहत होती की मला पुन्हा भीती वाटायला लागली. मला न दिसणारं काहीतरी तिला दिसत असेल का?

माझी स्वतःची गत विचित्र होती. लाज वाटावी असं काही नाही म्हणून जीव भांड्यात पडत होता, आणि त्याच वेळी मनातून मी खचत चालले होते. मुंबईच्या मंडळीचा खेळ मी पाहिला होता, निळ्या प्रकाशात तरंगत आल्यासारख्या त्या बायका. मला तिथं जायचं होतं. ह्या सिनेमात तो प्रकाश कुठेच नव्हता. मी वाट पाहत होते की शेवटी तरी नाच दाखवतील. शेवटी मोठा खेळ आला, पडदा वर गेला, वाद्यं वाजायला लागली आणि सिनेमावाल्यानं कॅमेरा ठेवला कुठे, तर आत, विंगेत! रंगमंचाची एक चीर तेवढी दिसत होती. तिच्यातून एखादा हात, एखादा घेर दिसायचा आणि जायचा. मुली धापा टाकत आत यायच्या, घाम पुसायच्या, पुन्हा बाहेर जायच्या. मग टाळ्या. मग रंग पुसणं, कपड्यांच्या पेट्या भरणं. मग सगळ्या जणी एका बसमध्ये जाऊन बसल्या आणि बस सुरू व्हायच्या आत झोपल्या. काहींची तोंडं उघडी होती. बस चालायला लागली आणि त्यावरच सिनेमा संपला.

दिवे लागले. उरलेल्या लोकांनी शिव्या दिल्या. बाबा दचकून जागे झाले आणि म्हणाले, "चांगला होता."

बसला वेळ होता म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो. मी कपाकडे पाहत होते. इतका निरस सिनेमा पाहून आत्या काय म्हणणार? हेच करायले जायचं होतं का तुले, असंच म्हणणार.

आत्यानं बशीत चहा ओतला, प्यायली, बशी खाली ठेवली.

"एक सांग," ती मला म्हणाली. "नाच झाल्यावर त्या पोरीईले कोनं बोलावलं?"

मला प्रश्न कळला नाही. "कुठे बोलावलं?"

"कोठीबी. नाच पाहाले एवढे मोठे लोक आले होते. झाल्यावर कोनी बोलावनं धाडलं का?"

"नाही आत्या. त्या बसमध्ये बसून झोपल्या."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

"मले बी तसंच दिसलं. म्हटलं आपल्याले इंग्रजी येत नाई, काई चुकलं असन." तिनं रिकामी बशी बाजूला सरकवली. "अन् त्याईच्या खोलीच्या दाराले अंदरून कडी होती. मी पाह्यली. ती सर्दीवाली पोरगी कडी लावून निजली होती."

मला ती कडी दिसलीच नव्हती.

मग त्या हॉटेलात, आजूबाजूला पोह्याच्या बशा आपटत असताना, आत्यानं मला तिच्या मावशीबद्दल सांगितलं. आवाज अगदी रोजचा, दळणाबद्दल बोलावं तसा. मावशीचा गळा गोड होता आणि पाय हलका. गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, लग्न असलं, होळी असली, की बोलावणं यायचं आणि जावंच लागायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. नाच संपायचा, पाहुणे जेवून आपापल्या घरी जायचे, पण मावशीला घरी येऊ देत नसत. सकाळी ती यायची, विहिरीपासून लांब बसून तोंड धुवायची आणि दिवसभर कोणाशी बोलायची नाही. ती फार जगली नाही. दीक्षा घेतली त्या दिवशी आत्यानं बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि मनात एक तेविसावी घेतली, की आता आपल्या घरची बाई कोणासमोर नाचणार नाही.

आई रडत होती. बाबा टेबलावरचं सांडलेलं पाणी बोटानं पुसत होते. त्यांना हे माहीत होतं.

"मी समजत होती का नाच म्हटला का ते आलंच," आत्या म्हणाली. "तिथं तं तसं काईच नाई. ते तं कामच आहे. शिफ्ट सुटली का घरी." मग ती बाबांकडे वळली. "जाऊ दे गा हिले. पन पयल्यांदा मी सोबत जाईन अन् डोळ्यानं पाहून येईन."

"बाई, खरंच?"

"तू तं झोपला होता. तुले काय समजलं?"

बाबा हसले. मग आई हसली, रडत रडतच. मला मात्र हसू आलं नाही की रडू आलं नाही. छातीवरचं ओझं कोणी उचलून नेल्यासारखं झालं आणि मी फक्त एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून पाहिलं.

गंमत अशी की त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस मीच डळमळीत होते. परवानगी मिळाली आणि डोळ्यांसमोर तो दांडा, ती काठी, ते सफरचंद यायला लागलं. शेवटी धंतोलीच्या बाईंना सांगितलं की सिनेमा पाहिला, आणि बॅले असंच असेल तर मला भीती वाटते. त्यांनीही तो पाहिला होता. त्या म्हणाल्या, "बहुत खराब फिल्म थी. झूठ कुछ नहीं दिखाया, बस नाच नहीं दिखाया. वो तो तुमको खुद जाकर देखना पड़ेगा." आणि खुर्चीवरून हात उचलून पुढचा तुकडा सुरू करायची खूण केली.

परीक्षा झाल्यावर आत्या माझ्याबरोबर मुंबईला आली. मंडळीच्या तालमीच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकून दिवसभर बसायची. मुख्य बाईंशी बोलताना एकीला मराठी येईना आणि दुसरीला हिंदी, पण दोघींचं जमलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आता मी जाते. तू आपली जेवत जा," आणि गेली.

मी तिथं चार हिवाळे काढले. मी कधी नायिका झाले नाही. हरणांच्या कळपातलं एक हरण, लाटांमधली एक लाट, राणीच्या मागे पंखा धरून उभी राहणारी दासी, अशीच माझी कामं. सिनेमात दाखवलं होतं ते सगळं खरं निघालं, सर्दी आणि खिडकीवरून भांडणंसुद्धा. आणि धंतोलीच्या बाई म्हणाल्या तेही खरं होतं. ढोल सुरू झाला आणि आम्ही बारा जणी एकाच श्वासात पुढे सरकलो की जे व्हायचं, ते विंगेतून कोणालाही दिसलं नसतं. ते थोडाच वेळ टिकायचं. मला तेवढं पुरत होतं.

पुढे माझ्या उजव्या घोट्यानं साथ सोडली आणि मंडळीही विस्कटत चालली होती. मी परत यायचं ठरवलं. गाडीत भुसावळपासून मला एकच धास्ती होती, की लोक विचारतील. काय झालं, काहून परत आली, आता पुढे काय करशील? बडनेरा गेलं, वर्धा गेलं, आणि मी मनात उत्तरं जुळवत होते, खोडत होते.

नागपूर स्टेशनवर बाबा एकटेच आले होते. थोडे वाळले होते, केस पांढरे झाले होते. त्यांनी माझी पेटी उचलली, माझ्या लंगडणाऱ्या पायाकडे एकदा पाहिलं आणि आपली चाल हळू केली.

"चाल," ते म्हणाले. "तलावाची मच्छी आणली आहे. बाईनं सकाळपासून कोनाले हात लावू नाई देल्ला."

बसमध्ये त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं. कॉलनीत कोणाच्या पोरीचं लग्न जमलं, कोणाची बदली झाली, नव्या युनिटचा आवाज किती होतो, हे ते सांगत राहिले. घरी पोचल्यावर आत्यानं माझ्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, "पाय धू, अन् जेव आधी." कोणी काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी दोनदा भात मागून घेतला, तिथंच चटईवर आडवी झाले आणि उन्हं कलेपर्यंत झोपले.